शिवणीतली माया

चुडाव्यावरून जाणारा लोहमार्ग अल्टर केलेला आहे. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं हे गाव पूर्णा-नांदेड मार्गावर आहे. निजामाच्या राजवटीत टाकलेला हा मार्ग मूळचा मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला. पुढे देशाचं अंग भरलं, गाड्या रुंद झाल्या, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस सगळा मार्ग उसवून ब्रॉडगेजच्या मापाने, १.६७६ मीटरवर, पुन्हा टाचला गेला. एकदम साडेसव्वीस इंच सोडले. एवढी ढील कोणत्याही शिंप्याने कोणत्याही गिऱ्हाइकाला आजवर दिलेली नाही. ते करताना कुणी डब्यांना पोट आत घ्यायला सांगितलं नाही, रात्रीचा भात बंद करायचा सल्ला दिला नाही, 'लग्नाच्या वेळी कसं सडपातळ होतं' असं इंजिनाला ऐकवलं नाही. गाडी बसत नाही, तर रूळ बदला, इतका सरळ विचार झाला. त्याच स्टेशनावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाचं चौथं बटण मात्र ताणलेलं दिसलं, की सगळे शर्टाला सोडून माणसाला धरतात. "लईच सुटलाव की!" वास्तविक सुटायला हवा होता तो शर्ट. न बसणारा शर्ट हा माणसाविरुद्धचा पुरावा नाही, तो शर्टाविरुद्धचा पुरावा आहे, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. आणि घरी शिवलेल्या शर्टाचं मोठेपण त्याच्या सफाईत नाही, चूक कबूल करून तो पुन्हा उसवता येतो, यात आहे.

भाषेचा कौल आधी घेऊ. मराठीत शर्ट अंगाला 'बसतो'. कर्ता शर्ट आहे, बसण्याची जबाबदारी त्याची आहे, अंगाने फक्त अंग असावं. 'अंगापेक्षा बोंगा मोठा' या म्हणीतही दोष बोंग्याला दिलेला आहे. तयार कपड्यांचं दुकान आलं आणि हा न्याय उलटला. आता माणूस 'मला एक्सएल लागतो' म्हणत नाही, 'मी एक्सएल आहे' म्हणतो, जणू ते कुळाचं नाव आहे आणि पुढेमागे सातबाऱ्यावर चढणार आहे. शर्टाच्या मानेवरचं एक अक्षर माणसाच्या अंगभर पसरतं. त्या अक्षरामागे कुणा सरासरी माणसाची मूर्ती असते, आणि आपण त्या मूर्तीत न बसणारे, म्हणून आपणच वाकडे, असा समज होतो. पण हा सरासरी माणूस आजवर कुणाला भेटलेला नाही. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५० मध्ये त्याला मनापासून शोधलं. विमानातली बैठक सरासरी वैमानिकाच्या मापाची करावी, म्हणून ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण लेफ्टनंटने त्यातली उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापं निवडली, 'सरासरी'ची व्याख्याही हात सैल सोडून केली, आणि दहाही मापांत सरासरीत बसणारे किती ते मोजलं. उत्तर आलं शून्य. दहाऐवजी तीनच मापं धरली तरी शंभरात चार माणसं बसेनात. हे सगळे मुळात चाळणीतून निवडून घेतलेले तगडे जवान होते. १९५२ मध्ये त्याचा अहवाल निघाला, आणि हवाई दलाने वैमानिक कापून छोटे केले नाहीत, बैठका मागेपुढे सरकणाऱ्या करायला घेतल्या. जगातल्या सगळ्यात शिस्तप्रिय खात्याने जे मान्य केलं, ते आपल्या कपाटाने मान्य करायला काय हरकत आहे?

आपल्याकडेही मापांचा शोध सुरू झाला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निफ्ट'ने, २०१८ मध्ये २५,००० भारतीयांची मापं यंत्राने घेऊन देशी मापांचा तक्ता बनवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यासाठी सहा शहरं धरली: मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. उद्देश चांगलाच आहे, परदेशी तक्त्यापेक्षा देशी तक्ता केव्हाही बरा. पण मुंबईहून सिकंदराबादकडे जाणारी देवगिरी एक्स्प्रेस ज्या रुळांवरून धावते, त्या रुळांच्या कडेला राहणाऱ्याने करायचं काय? छाती मुंबईची धरायची आणि पोट हैदराबादचं, की दोन्हींची सरासरी काढून पूर्णा जंक्शनला उतरायचं? तक्ता कितीही उत्तम झाला तरी तो पंचवीस हजारांचा असणार, आणि शर्ट शेवटी एकट्याने घालायचा असतो.

खरी गंमत अशी, की हे सगळं ज्ञान घरात आधीपासून आहे. चोळीचा, म्हणजे ब्लाउजचा, व्यवहार पाहा. छापील अक्षरावर विश्वास ठेवून ब्लाउज घेणारी बाई मराठवाड्यात दिवसा कंदील घेऊन शोधावी लागेल. तिथे दोन सूत इकडेतिकडे झालं तर ब्लाउज परत जातो, टक्स उसवले जातात, बाही पुन्हा लागते, आणि एवढं होऊन 'मी वाकडी' असं कुठलीही बाई म्हणत नाही. 'शिवणारीने घाण केली' असं म्हणते. हाच तो निरोगी दृष्टिकोन. त्याच घरात पुरुषाचा शर्ट मात्र एक्सएल म्हणून येतो, खांदे कोपराकडे निघालेले असतात, बाही बोटांच्या पेरांवर लोळते, आणि तो म्हणतो, 'चालतंय की.' त्याच घरात पायमशीन असतं, शिवणक्लासची वही असते, इंची टेप असते. अडतं ते फक्त 'पुरुषाच्या शर्टाला काय बघायचं' या समजुतीपाशी. या मशीनची थोरवी गांधीजींनीही मानली होती. यंत्रांवरच्या टीकेत १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला, कारण बायकोचे शिवणकामाचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी घडवलं, अशी त्यांची समजूत होती. सिंगरच्या पेटंटचं साल १८५१. त्याचे एकाहून अधिक संसार आणि वीसहून अधिक मुलं लक्षात घेतली, तर ते प्रेम हातशिलाईने भागण्यासारखं नव्हतंच.

तरीही घरचा शर्ट बिघडतो, आणि तो बहुधा माप घेतानाच बिघडतो. टेप कमरेला लागली की माणूस श्वास आत ओढतो, छाती पुढे काढतो आणि आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभा राहतो. त्या अर्ध्या मिनिटाच्या माणसासाठी शर्ट शिवला जातो आणि उरलेली वर्षं दुसऱ्याच माणसाला तो घालावा लागतो. हे टाळायला 'मापाचा शर्ट' देण्याची प्रथा पडली. जुना शर्ट पुढे टाकायचा आणि म्हणायचं, 'असाच शिव.' मग जुन्या शर्टातली चूक नव्या शर्टात वारसाहक्काने येते. आजोबांचा डावा खांदा उतरलेला होता, म्हणून उतरवलेली शिवण नातवापर्यंत पोचते, आणि खांदा सरळ असूनही नातू वाकडा दिसतो. तेव्हा विश्वास टेपवरही ठेवू नये आणि जुन्या शर्टावरही. कापड आधी भिजवून वाळवावं, कारण सुती कापड शंभराला तीन आटलं तरी तीस इंची शर्टाची उंची जवळजवळ इंचाने जाते. मग कच्च्या टाक्यांवर शर्ट अंगात घालावा आणि माणसाला माणसासारखं वागू द्यावं: बसावं, वाकावं, वरच्या फळीवरचा डबा काढावा. हिंमत नसेल तर आधी मांजरपाटावर करावं, मांजरपाटाला अपमान नसतो.

अशा वेळी चुण्या बोलू लागतात आणि त्यांची भाषा सोपी आहे. ताणलेली चुणी जिथे आवळतंय तिकडे बोट दाखवते, लोंबणारी घडी जिथे कापड उरलंय तिथे पडते. पोटावरच्या दोन बटणांमधली पट्टी मासोळीच्या तोंडासारखी उघडत असेल तर त्रास फक्त पोटाचा आहे. त्यासाठी एक नंबर मोठा शर्ट घेणं म्हणजे एका खोलीत पाणी गळतंय म्हणून दुसरं गाव बघणं. पोट सुटकेचा श्वास टाकतं, पण खांदे, गळा आणि बाह्या विनाकारण मोठ्या होतात. इलाज असा, की छातीखालून बगलेची शिवण तेवढी सोडावी, आणि पुढच्या भागाची उंची अर्धा इंच जास्त धरावी, कारण कापडाला पोटाचा घाट चढून उतरायचा असतो. एका खांद्यावर वर्षानुवर्षं पोतं, घागर किंवा दप्तर वाहिलेल्या माणसाचा तो खांदा उतरतो. तिथे शर्टाचाही खांदा त्या बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतरवावा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, तोही तेवढाच खाली घ्यावा. बाकीच्या विद्यांत सुतावरून स्वर्ग गाठणं हा टिंगलीचा विषय आहे, शिवणात मात्र दोन सुतांवरून खरोखर स्वर्ग दिसतो.

मुंढ्याची गोष्ट स्वतंत्र आहे, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. हात वर केला की शर्ट पँटीतून बाहेर येतो. बघणारा म्हणतो, मुंढा आवळ झाला, मोठा करा. मुंढा मोठा केला की तो खाली उतरतो, बाही अंगाला काखेच्या तीन बोटं खाली जोडली जाते, आणि आता हात वर करायचा म्हणजे अख्खा शर्ट उचलायचा. शर्ट आणखी बाहेर येतो, मुंढा आणखी मोठा होतो, आणि शेवटी शर्टाचं वटवाघूळ होतं. खरं तर बिजागरी जिथे दार वळतं तिथेच लागते. हात काखेपाशी वळतो, म्हणून मुंढा काखेच्या जवळ हवा. लहान मुंढ्यात हात मोकळा फिरतो आणि मोठ्या मुंढ्यात अडकतो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण फळीवरचा डबा काढताना लगेच पटतं. शर्ट पोटाशी बाहेर येतो म्हणून सगळे पोटाशी शोधत बसतात आणि चूक वर लपलेली असते. 'काखेत कळसा' ही म्हण कुण्या शिंप्यानेच केली असावी. एकदा मोठा कापला गेलेला मुंढा मात्र लहान करणं अवघड, कारण कापलेलं कापड परत येत नाही. मग काखेत चौकोनी तुकडा जोडता येतो, नाही तर मराठीत अशा वेळी जे करतात तेच करावं लागतं: काखा वर करणं.

आता मुख्य मुद्दा. शिवणीच्या पलीकडे आत जे जादा कापड सोडतात, त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. 'बगलेला इंचभर माया ठेव' असं एक बाई दुसरीला सांगते तेव्हा तिला वेदान्त अभिप्रेत नसतो. बाहेरून न दिसणारं, पण वेळ आली तर सोडता येईल असं कापड, एवढाच अर्थ. त्याचं गणित उदार आहे. बगलेच्या शिवणी दोन, प्रत्येकीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर, मिळून चार, तेव्हा प्रत्येक पदराची अर्धा इंच माया सोडली की घेर दोन इंचांनी वाढतो. गळ्याचं गणित मात्र फसवं आहे. कॉलर आवळते म्हणून गोलाईभर पाव इंच कापलं, तर गळ्याचा घेर दीड इंचाहून जास्त वाढतो आणि त्यात आणखी एक नातेवाईक मावतो. शिवाय गोल वळणावर माया फार ठेवून चालत नाही, कापड ओढतं. सरळ शिवणीतच ती जिरते. तयार शर्टाची शिवण उलटून पाहा, माया करंगळीच्या नखाएवढी असते. कारखानदार दुष्ट असतो असं नाही, त्याला हिशोब येतो. तीस इंच लांबीच्या चार कडांची अर्धा अर्धा इंच माया वाचवली तर एका शर्टामागे साठ चौरस इंच कापड वाचतं, म्हणजे जेमतेम खिसा. पण एक लाख शर्टांमागे त्यातून, ५८ इंच पन्ह्याच्या १.६० मीटर शर्टपीसच्या हिशोबाने, सोळाशेच्या वर नवे शर्ट निघतात. ते सोळाशे शर्ट आपल्या एक लाख माणसांच्या बगलेतून काढलेले असतात. असा शर्ट आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही, आणि माणसाचं अंग बहुधा उलट दिशेने प्रवास करतं.

यावर आक्षेप आहेत, आणि सगळेच खोटे नाहीत. पहिला असा, की तयार शर्ट स्वस्त पडतो, घरी कोण बसणार? बरोबर आहे. पण दांडीला टांगून ठेवलेला आणि 'बारीक झालो की घालीन' म्हणून राखलेला शर्ट कितीलाही घेतला तरी महागच. दुसरा आक्षेप उन्हाचा. परभणीचा मे महिना त्रेचाळीस अंशांपर्यंत जातो, तिथे फिटिंग कसलं करता, ढगळच बरं. हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, पण तो फिटिंग म्हणजे आवळ असं धरून चालतो. वारा खेळायला जागा हवी ती पाठीवर आणि पोटावर. खांद्याची शिवण दंडावर लोंबल्याने कुणाला गार वाटल्याचं ऐकिवात नाही. तिसरा आक्षेप आरोग्याचा: शर्ट कशाला वाढवता, पोट कमी करा. जरूर करावं. पण पोटाला महिने लागतात, बगलेला अर्धा तास, आणि मधल्या काळात माणूस उघडा फिरू शकत नाही. पुढे पोट खरंच उतरलं तर तीच शिवण पुन्हा आत घेता येते. चौथा आक्षेप भावनिक आहे: शिंप्याचं काम घरी करून त्याच्या पोटावर पाय का द्यायचा? संत नामदेव शिंपी होते, आणि त्यांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं, तेव्हा इथे हा धंदा आदराने बोलण्याचा आहे. पण दुसऱ्याचा शर्ट उसवून पुन्हा लावण्याचं काम शिंप्याला स्वतःलाच नको असतं. वेळ नव्या शर्टाचा जातो आणि पैसे काज-बटणाचे मिळतात. 'पुढच्या आठवड्यात या' या वाक्याची सगळ्यात जास्त शिलाई अल्टरच्या कामावरच झालेली आहे. ते काम घरी गेलं तर तो नारळ फोडेल.

पाचवा आक्षेप मात्र इतिहासातून येतो आणि तो मानायलाच हवा. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न उद्भवूच दिला नव्हता. धोतराला छाती नसते, नऊवारीला नंबर नसतो. वीस वर्षांची आणि साठ वर्षांची बाई एकच लुगडं नेसू शकते, फरक निऱ्यांत पडतो. शिवलेल्या कपड्यांतही बाराबंदी होती, जिला बंद असत आणि जेवण जसं झालं असेल तसे ते बांधता येत. बटणाने ही सोय संपवली. बटण म्हणजे एका ठराविक दिवशीच्या पोटावर मारलेला शिक्का. पण म्हणूनच माया महत्त्वाची: बंद गेले, निऱ्या गेल्या, आणि अंग बदलणार हे मान्य करणारी शर्टात एवढी एकच जागा उरली, तीही उलट्या बाजूला.

ही जागा सरकारलाही सापडलेली नाही. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्याने 'एक राज्य एक गणवेश' योजना राबवली. कापड एकीकडून, शिलाई महिला बचत गटांकडून, विद्यार्थी चाळीस लाखांहून जास्त. शिलाईला गणवेशामागे शंभर रुपये आणि वरखर्चाला दहा. गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं गेलं. शिवणाऱ्या बायकांना यात बोल लावणं अन्याय आहे. ज्या हातांना घरातल्या ब्लाउजाची दोन सूत चूक दिसते, त्यांना न पाहिलेल्या पोराचं अंग कसं दिसावं? रंग राज्याला एक करता येतो, माप करता येत नाही. चौथीच्या एका बाकावर बसलेल्या तीन पोरांत एक काडी असतो, एक हंडा असतो आणि एक गेल्या पोळ्यापासून इतका वाढलेला असतो की त्याच्या मनगटांना बाह्यांची आठवण येते.

त्या वाढणाऱ्या पोराशी आपला व्यवहार नेहमीच शहाणपणाचा राहिला आहे. त्याचा शर्ट 'वाढत्या अंगाचा' शिवायचा, खाली चार बोटं दुमड घ्यायची, बगलेला माया सोडायची. जून आला की घरातलं मोठं माणूस ब्लेडने टाके उसवतं, आणि आत दडलेली पट्टी बाहेर येते. बाहेरचा निळा रंग उन्हाने आणि धुण्याने उडालेला असतो, ती पट्टी पहिल्या दिवसाइतकी गडद असते, आणि दोन्हींच्या मधे जुन्या टाक्यांच्या भोकांची रेघ राहते, जी कितीही इस्त्री केली तरी जात नाही. ती रेघ पाहून घरात सगळे खूश होतात. 'बघ, किती मोठा झाला' म्हणतात. पंचवीस वर्षांनी त्याच पोराच्या शर्टाची तीच शिवण उसवली तर तीच गडद पट्टी निघते, तीच रेघ दिसते, पण तेव्हा 'किती मोठा झाला' असं कुणी म्हणत नाही. म्हणायला काही हरकत नसावी. तोवर निदान बगलेला इंचभर माया ठेवावी.